पाच विकलांचे कोडे: काटेकोर मोजणी, अचूक मोजणी आणि हिमालयाची मुळे

१/
वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी तेथे त्यांचा अंत झाला. दोन दशके ते एकच काम करीत होते: भारतभूमी त्रिकोणांनी मोजत जाणे. त्यांनी आरंभिलेल्या मोजणीतून पुढे अवघ्या पाच विकलांचे एक कोडे निघाले आणि त्या कोड्याने हिमालयाच्या तळाशी काय दडले आहे याचा सुगावा दिला. त्याची ही कथा. 🧵

२/
कामाचा आरंभ १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ झाला. सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुमारे साडेसात मैलांची सरळ रेषा आखून ती १०० फुटी पोलादी साखळीने मोजण्यात आली. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळीला सावली करीत आणि तापमानाची नोंद ठेवीत. चालत गेल्यास तीन तासांचे हे अंतर मोजायला ५७ दिवस लागले.

३/
एवढा खटाटोप कशासाठी? त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची साळ डोंगरमाथ्यांवरून आणि देवळांच्या शिखरांवरून शेकडो मैल पुढे नेता येते. मात्र पहिल्या रेषेत राहिलेली चूकही तिच्याबरोबर शेकडो मैल चालत जाते.

४/
कोन मोजण्याचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टन यांनी कित्येक आठवडे खपून ते पुन्हा कामाजोगे केले. ही यंत्रे वाहणारे, झाडी तोडणारे, रात्री दूरच्या माथ्यावर दिवे पेटवून बसणारे खलाशी हिवतापाने दगावत. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत.

५/
लॅम्ब्टन यांच्यानंतर सूत्रे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली. १८३० मध्ये ते सर्व्हेयर जनरल होऊन इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांच्यासोबत नवी यंत्रे होती. साखळीच्या जागी आता पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्या आल्या. दोन्ही धातू उष्णतेने कमीअधिक वाढतात. त्या फरकाचाच उपयोग करून पट्टीची लांबी स्थिर राखलेली होती. गणिताच्या बाजूला राधानाथ सिकदर यांच्यासारखे बुद्धिमान गणक होते.

६/
या मोजणीची परीक्षाही घेतली गेली. सिरोंजजवळच्या आधाररेषेपासून त्रिकोणांची साळ डेहराडूनपर्यंत नेली. तेथील साडेसात मैलांच्या रेषेची लांबी आधी गणिताने काढली आणि प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिली. चारशे मैलांहून अधिक प्रवासानंतर दोन्ही आकड्यांत फरक पडला तो केवळ काही इंचांचा!

७/
येथे दोन शब्द वेगळे करणे आवश्यक आहे. पुन्हा पुन्हा मोजल्यावर उत्तरे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, तो काटेकोरपणा. उत्तर सत्याच्या जवळ असते, ती अचूकता.

वाण्याच्या तराजूत पासंग असेल, तर एकच जिन्नस दहा वेळा तोलला तरी दहाही वेळा वजन तेच भरेल. तोलणे काटेकोर झाले, पण वजन मात्र दहाही वेळा खोटेच निघाले.

८/
हाताच्या लहानसहान चुका कधी कमी, कधी जास्त अशा पडतात. अनेक वाचनांची सरासरी घेतली की त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. पासंगाची चूक मात्र दर वेळी एकाच बाजूला झुकते. हजार वेळा तोलूनही ती जात नाही. ती उघडी पाडायची तर दुसरा तराजू लागतो.

९/
एव्हरेस्ट यांच्याकडे असा दुसरा तराजू होता, तो आकाशाचा. ताऱ्यांच्या वेधांवरून एखाद्या ठिकाणाचा अक्षांश काढता येतो. त्यासाठी 'बरोबर डोक्यावर' ही दिशा नक्की ठाऊक असावी लागते आणि ती ठरते गुरुत्वाच्या दिशेवरून, म्हणजे ओळंब्यावरून. भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी जो ओळंबा सोडतो, त्याचेच तत्त्व येथे ताऱ्यांसाठी वापरले गेले.

१०/
मध्य भारतातील सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेस मुझफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन स्थानकांत सुमारे ६०० किलोमीटरचे अंतर आहे. त्यांच्या अक्षांशांतील फरक दोन्ही रीतींनी काढला गेला.

त्रिकोणांवरून: ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला
ताऱ्यांवरून: ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला

तफावत ५.२३६ विकलांची. एका अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे विकला. जमिनीवर ही तफावत सुमारे १६० मीटर भरते.

११/
६०० किलोमीटरांत १६० मीटर! नकाशा काढणाऱ्याने याकडे सहज काणाडोळा केला असता. पण ज्या मोजणीत चारशे मैलांनंतर काही इंचांचीच चूक पडते, तिला १६० मीटर हा फार मोठा आकडा होता. एव्हरेस्ट यांनी ही तफावत मोजणीतली चूक मानली आणि ती त्रिकोणांच्या साळीत वाटून टाकली. आकडे जुळले. प्रश्न मात्र तसाच राहिला.

१२/
हा प्रश्न पुन्हा उकरून काढला तो कलकत्त्याच्या एका धर्माधिकाऱ्याने. आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे केंब्रिजमध्ये शिकलेले गणिती होते. त्यांचा तर्क असा: उत्तरेला हिमालयाचे प्रचंड वस्तुमान आहे. ते ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. कलियाना पर्वताला जवळ, म्हणून तेथे ओढ अधिक. कल्याणपूर दूर, म्हणून तेथे कमी. दोष माणसांच्या हातांत नसून ओळंब्यातच होता. तराजूतला पासंग म्हणजे खुद्द हिमालय!

१३/
प्रॅट यांनी हिमालयाचे आणि त्यामागील पठाराचे वस्तुमान अंदाजून ओढ किती पडावी याचे गणित मांडले. उत्तर आले १५.८८५ विकला, म्हणजे प्रत्यक्ष तफावतीच्या तिप्पट. कोडे सुटण्याऐवजी उलटे झाले. आता प्रश्न तफावत का पडली हा उरला नाही. ती इतकी कमी का पडली, हा झाला. दिसतो तेवढा हिमालय ओढत का नाही?

१४/
प्रॅट यांनी हा विसंवाद झाकला नाही. त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला आणि १८५५ मध्ये राजखगोलज्ञ जॉर्ज एरी यांनी त्यावर उत्तर सुचवले. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो अधिक वर दिसतो, तो पाण्याखालीही अधिक खोल असतो. पर्वतही तसेच. त्यांच्या तळाशी हलक्या खडकांची खोल मुळे आहेत आणि त्या मुळांनी खालचे जड द्रव्य बाजूला सारलेले आहे. वरचे वस्तुमान ओळंब्याला ओढते. खालची उणीव ती ओढ घटवते.

१५/
प्रॅट यांनी १८५९ मध्ये निराळे स्पष्टीकरण दिले: पर्वतांखालचे खडकच कमी घनतेचे असावेत. पुढे अमेरिकी भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी या समतोलाला 'आयसोस्टसी' हे नाव दिले. मराठीत त्याला समस्थायित्व म्हणतात. मैदानी प्रदेशात भूकवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. हिमालय आणि तिबेटखाली ते सुमारे ७० किलोमीटरांपर्यंत जाते. हिमालयापुरते एरी यांचे चित्र बरेचसे खरे ठरले.

१६/
या कथेत काटेकोरपणा आणि अचूकता यांचे नाते स्पष्ट दिसते. काटेकोरपणा म्हणजे सत्य नव्हे. ताऱ्यांचे वेध कितीही वेळा घेतले तरी ओळंबा कललेलाच राहिला असता. पण काटेकोरपणा व्यर्थही नव्हे. मोजणी ढिसाळ असती, तर पाच विकला इतर चुकांच्या गर्दीत हरवून गेल्या असत्या आणि प्रश्नच उभा राहिला नसता. अचूकतेतील उणीव दिसली ती काटेकोरपणामुळेच.

१७/
दोन रीतींची उत्तरे जुळली नाहीत, तेव्हा एकाने तफावत वाटून टाकली आणि दुसऱ्याने ती जशीच्या तशी जगापुढे ठेवली. पहिल्याचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. दुसऱ्याचे नाव भूगोलाच्या पुस्तकांतल्या एका सिद्धान्तापुरते उरले. पण शिखराच्या खाली काय आहे, हा प्रश्न जगापुढे आला तो त्या दुसऱ्याने आकडे जुळवून घ्यायचे नाकारले म्हणून.