बैलगाडीच्या गावातली होडी

बारामतीचा माणूस होडीवर लिहितोय म्हटल्यावर ऑफिसातले कोकणी मित्र आधी हसून घेतील. हसा लेको! आमच्याकडे कऱ्हा आहे, तिला बरेच महिने पाणी नसतं. नीरा डावा कालवा आहे, त्याला पाणी असतं, पण त्यात होडी घातली तर पाटकरी काठी घेऊन धावेल.

पण बारामतीपासून भिगवण जेमतेम पंचवीसेक किलोमीटर. तिथून कुंभारगावला किंवा डिकसळला उतरलात की काठावर होड्याच होड्या. आपण पुण्याची मंडळी हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला जातो, ज्या फळीवर बसतो ती कुणी घडवली हे काही विचारत नाही. मी या वेळी तेच विचारत फिरलो. कारण साधं आहे. इंदापूर तालुक्यात समुद्र नाही, खाडी नाही, मग ही विद्या आली कुठून?

धरणाआधीची भीमा म्हणजे पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात उतारावरून बैलगाडी घालता येईल अशी नदी. भोई आणि कोळी मासे धरत, पंढरपूरला कोळ्यांच्या नावा चालत. पण गावोगावच्या शेतकऱ्याला होडी हवीच कशाला? अगदीच अडलं तर वाळलेले भोपळे बांधून सांगड करायची (आपण मीटिंगमध्ये कशाकशाची 'सांगड घालतो' ना, ती हीच) नाहीतर गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडायची. काहील म्हणजे गूळ शिजवायची भलीमोठी पसरट कढई. माझी आज्जी इंदापूर तालुक्यातली. ती सांगायची, पुरात बाळंतिणीला काहिलीत बसवून पलीकडे नेलेलं तिनं पाहिलंय. काहील गोल गोल फिरते, त्यामुळे आतल्या माणसाने डोळे मिटून घ्यायचे म्हणे :)

मग १९८० साली माढा तालुक्यात उजनी धरण पूर्ण झालं आणि पाणी मागे मागे सरकत इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतपर्यंत पसरलं. गावं उठली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. पाणी फारच ओसरलं की ते अजून वर येतं आणि लोक बघायला गर्दी करतात. रातोरात म्हणावं इतक्या थोड्या काळात एका कोरडवाहू मुलखाला समुद्रासारखा काठ मिळाला.

आता इथे एक आकडा बघण्यासारखा आहे. उजनीची क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर पाणी 'मृत साठा', म्हणजे कालव्याच्या दाराच्या खाली राहणारं. म्हणून पेपरात 'उजनी उणे' अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. आपल्याला वाटतं संपलं पाणी! शेतकऱ्याच्या पाटाचं संपतं, हे खरंच. पण माशाला अधिक-उणे कळत नाही. त्या मृत साठ्यातच चिलापी, रोहू, कटला जगतात आणि त्यांच्यावर माणसं जगतात. अर्धं धरण मृत नसतं, तर एवढी मासेमारी काही टिकली नसती.

कुंभारगावच्या अलीकडे एका घराच्या अंगणात होडी बनताना बघायला मिळाली. शेळ्या एका बाजूला, होडी दुसऱ्या बाजूला. सुतारकाकांचे वडील नांगर आणि बैलगाड्या करायचे. ट्रॅक्टर आला आणि ते काम गेलं. ड्रॉइंग वगैरे काही नाही, मापं हातात आणि वितीत. दोन लांब फळ्या बाजूला, टोकाशी ओढून आणलेल्या, आत आडवे वासे, खाली सपाट तळ. फटींत कापूस ठासायचा आणि वरून गरम डांबर.

"काका, तळ सपाट का?" मी विचारलं.

"आरं बाबा, खाली गाव हाय ना. भितीवर, बाभळीच्या खुटावर अडकंल की."

काय बोलणार यावर? कोकणातल्या होडीला लाट ठरवते, इथल्या होडीला बुडालेलं गाव. शिवाय इथला काठ जागेवर राहत नाही. सपाट रान असल्यामुळे उन्हाळ्यात पाणी लांबच लांब मागे जातं आणि होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. म्हणजे ती दोन-तीन माणसांना ओढवेल इतकी हलकी हवी. हलकी आणि सपाट होडी उथळ पाण्यात झकास, पण वारा सुटला की घाबरवणारी. मोठ्या बोटींनासुद्धा हे पाणी सोपं नाही. २१ मे २०२४ ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी प्रवासी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीत बसतात.

ज्यांची होडी बनत होती ते दादा शांतपणे पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमचं रान तितं हाय, त्या बगळ्याच्या खाली." आजोबांनी जिथे ज्वारी काढली, तिथेच नातू जाळं टाकतो. मोबदला, पुनर्वसन हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. पण एक गोष्ट इथेच सांगतो. त्या रानावर जे पाणी उभं आहे त्यात मुळा-मुठेतून आलेलं आपल्या पुण्याचं सांडपाणीही आहे. दादा पाण्यात हात घालून वास घेतात आणि काही बोलत नाहीत. मी हिंजवडीत राहतो हे त्यांना सांगितलं होतं.

लाकडी होड्या आता कमी होत चालल्यात असं काका म्हणतात. फायबरची आणि पत्र्याची होडी तयार मिळते, दरवर्षी डांबर लावायची कटकट नाही. गणित मला पटतं. तरी फायबर फुटलं तर दुरुस्तीला माणूस शोधावा लागतो आणि लाकडाला काका शेजारीच आहेत, हेही गणितच.

नवी होडी लगेच वापरत नाहीत. ती पाण्यात नुसती ठेवून देतात, लाकूड फुगतं आणि उरलेल्या बारीक फटी आपोआप मिटतात. ही आमची होडी पुढच्या शनिवारी पाण्यात जाणार आहे. मी पहाटे पाचला निघतोय, गाडीत दोन जागा आहेत.