कल्याणीचे गंध आणि बोंडूचा वास

मंठाळच्या बाजारात एका अत्तरवाल्याने माझ्या मनगटावर तीन थेंब टेकवले: केळे, अननस आणि पीच. तिथून पुढे बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिसऱ्या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला तो इथलाच. हा राजा आपल्याला अगदीच परका नव्हे. त्याची बहीण मैलळदेवी गोव्याच्या कदंब जयकेशी दुसऱ्याला दिलेली!

पूर्वी एका व्याख्यानात मी ठोकून दिले होते, की सोमेश्वराच्या दरबारात आंब्या-फणसाची अत्तरे दरवळत असणार. ते विधान आता मागे घेतो. राजाच्या उटण्या-धुपांत चंदन, कापूर, कस्तुरी, केशर, अगरू यांचे राज्य. जुन्या गंधशास्त्रात ‘पंचपल्लव’ येते, ते आंबा, जांभूळ, कवठ, म्हाळुंग आणि बेल यांचे. पण पल्लव म्हणजे पाने, फळे नव्हेत. त्या पानांच्या पाण्याने सुगंधी द्रव्ये शुद्ध करीत. कारण साधे आहे. फळाचा गर म्हणजे पाणी आणि साखर. वास त्यात नावापुरता. ऊर्ध्वपातन करायला जावे तर मुरंब्याचा वास येतो. म्हाळुंगाची साल तेवढी वेगळी, तिच्यात तेल भरलेलेच असते.

अत्तरवाल्याच्या कुप्या म्हणूनच प्रयोगशाळेतल्या. केळ्याचा आयसोअमाइल असिटेट चहा येईपर्यंत उडून गेला. नेलपॉलिशची आठवण देणारा वास, मला फारसा रुचला नाही. अननसाचा ॲलिल हेक्झानोएट आंबटगोड, थोडा जास्त रेंगाळणारा. पीच मात्र जाता जाईना. ते गॅमा-अनडेकालॅक्टोन, धंद्यातले नाव ‘आल्डिहाइड सी-१४’. गंमत म्हणजे ते आल्डिहाइडही नव्हे आणि त्यात कार्बन १४ नसून ११! गेर्लँच्या ‘मित्सुको’ला (१९१९) पीचची साय याच द्रव्याने दिली. रेणू जड, म्हणून वास सावकाश उडतो.

पण मला खरी चुटपुट लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्या ग्रंथावर चक्क मराठी टीका आहे! १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो गंगाधराच्या ‘गंधसारा’सोबत छापूनही निघाला. म्हणजे गंध कसे करावेत हे एकेकाळी मराठीतून समजावले जात होते, आणि आज मला या तीन वासांतला फरक सांगताना ‘गोड’ आणि ‘आंबटगोड’ यापलीकडे शब्द सुचेना. आमची आजी नुसत्या वासावरून माणकुराद पिकला की नाही ते सांगायची. तिच्याजवळ त्यासाठी शब्दही होते. मी ते लिहून ठेवले नाहीत.

निघताना अत्तरवाल्याला विचारले, बोंडूचे आहे का? बोंडू म्हणजे काय, हे त्याला समजावण्यातच पाच मिनिटे गेली. शेवटी पीचची कुपी घेतली. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तरी शर्टाच्या बाहीला तो वास होता.