क्वेकर पंथ : शपथ आणि अपशब्द

जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) यांच्या शिकवणुकीतून सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथात वाणीची शिस्त हा धर्माचरणाचाच भाग ठरला. शिवीगाळ, बोलताना ऊठसूट देवाचे नाव घेणे आणि न्यायालयातील शपथ या तिन्ही गोष्टी क्वेकरांनी वर्ज्य मानल्या.

शपथेला विरोध करताना ते मत्तयच्या शुभवर्तमानाचा आधार देत. शपथ मुळीच वाहू नये, असे येशूने तेथे सांगितले आहे. त्यामागचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो : आण घेतल्यावरच माणूस खरे बोलणार असेल, तर एरवीच्या त्याच्या बोलण्याला किंमत काय? या आग्रहाची किंमत मात्र जबर होती. १६६२च्या कायद्याने शपथ नाकारणे हा गुन्हा ठरला. राजनिष्ठेची शपथ न घेतल्याबद्दल क्वेकर पुढारी मार्गारेट फेल यांना १६६४मध्ये लँकेस्टर येथे जन्मठेप व मालमत्ताजप्तीची शिक्षा झाली. त्या १६६८मध्ये सुटल्या. १६९६च्या कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा चालू लागली. पण तिच्यातही देवाचा उल्लेख असल्याने अनेकांचे समाधान झाले नाही. १७२२मध्ये तो वगळला गेला. क्वेकर असलेले जोझेफ पीझ १८३३मध्ये प्रतिज्ञा करूनच ब्रिटिश संसदेत बसले.

क्वेकर विल्यम पेन यांच्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीत १६८२च्या कायद्याने बोलण्यात देवाच्या नावाने शपथा वाहणाऱ्याला पाच शिलिंग दंड किंवा पाच दिवसांची कैद ठरवली. विवेकस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या वसाहतीने जिभेवर मात्र असा पहारा बसवला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

समकालीनांना मात्र उद्धट वाटत ते क्वेकरच. न्यायाधीशापुढेही ते टोपी काढत नसत, लहानथोर सर्वांना एकेरीत संबोधत आणि पगारी धर्मोपदेशकांवर कठोर शब्दांत तुटून पडत. १६५०मध्ये डर्बी येथे खुद्द फॉक्स यांना ईशनिंदेच्या आरोपावरून तुरुंगात टाकले गेले. क्वेकर उपदेशक जेम्स नेलर १६५६मध्ये ख्रिस्ताच्या यरुशलेमप्रवेशाचे अनुकरण करीत ब्रिस्टलमध्ये शिरले, तेव्हा संसदेने त्यांची जीभ तप्त सळईने भोसकण्याची शिक्षा दिली. सत्तेपुढे न झुकणारी भाषा आणि देवाचा अवमान यांतला फरक त्या काळच्या राज्यकर्त्यांना करता आला नाही, असेच म्हणावे लागते.

आता ब्रिटनमधील क्वेकर सभांत वर्ज्य शब्दांवर पूर्वीइतका भर नसतो. बोलणे खरे आहे का आणि ते कुणाला दुखावते का, याकडे अधिक पाहिले जाते.