कोरियाच्या रणभूमीवरील भारतीय वैद्य : लेफ्टनंट कर्नल रंगराज

रणांगणावरील वैद्याचे नाव निघाले की आपल्या घरोघरी प्रथम स्मरण होते ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि १९४२ साली कोटणीसांनी तेथेच देह ठेवला. ही कथा आपल्या मुलांना ठाऊक आहे, हे योग्यच आहे. परंतु कोटणीसांच्या प्रस्थानानंतर अवघ्या बारा वर्षांनी, चीनच्या शेजारीच कोरियात, एका भारतीय वैद्याने जे केले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. लेफ्टनंट कर्नल अर्काट गोविंदराज रंगराज हे ते गृहस्थ होत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, महाराष्ट्रीयही नव्हते. तरी या स्मरणिकेत त्यांना स्थान देण्यास कोणी ज्ञातिबांधव हरकत घेणार नाही, अशी खात्री वाटते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या ऑक्टोबरात, भारतीय सैन्याची पहिली छत्रीधारी ब्रिगेड उभी राहिली. तिच्या १५२ व्या पलटणीचे वैद्यकीय अधिकारी म्हणून तरुण रंगराज दाखल झाले. विमानातून छत्रीने उडी घेणारे पहिले भारतीय म्हणून दोन नावे घेतली जातात : लेफ्टनंट रंगराज व हवालदार मेजर मथुरासिंग. जखमीपर्यंत पोहोचावयाचे तर जेथे शिपाई उतरेल तेथे वैद्यानेही उतरले पाहिजे, एवढाच त्यामागचा सरळ हिशेब.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. संयुक्त राष्ट्रसंघाने मदतीचे आवाहन केले, तेव्हा भारत सरकारने लढाऊ फौज पाठविण्यास नकार दिला व त्याऐवजी ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठविली. हे नाव ऐकून रुग्णवाहिका मोटार डोळ्यांपुढे येईल. पण हे सुमारे साडेतीनशे माणसांचे फिरते इस्पितळच होते. त्यात शल्यवैद्य होते, भूल देणारे होते, दंतवैद्यही होता. रंगराज त्याचे प्रमुख. नोव्हेंबर १९५० मध्ये हे पथक पुसान बंदरात उतरले. त्याचा एक भाग तैगू येथे राहून नागरिकांची व कोरियन सैनिकांची सेवा करू लागला, दुसरा रंगराज यांच्यासह ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ब्रिगेडबरोबर उत्तरेस गेला.

आणि लगेच माघार सुरू झाली. चिनी सैन्य युद्धात उतरले होते. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत प्योंगयांग सोडावे लागले. पथकाजवळ पुरेशी वाहने नव्हती. साहित्य जाळून माणसांनी निघून जावे, हा मार्ग सुचविण्यात आला. तो लष्करी रीतीला धरूनही होता. रंगराज यांना तो मान्य झाला नाही. शस्त्रक्रियेची उपकरणे, औषधे, तंबू गेले म्हणजे शल्यवैद्य जिवंत राहूनही निरुपयोगी, आणि तेवढे साहित्य पुन्हा लवकर मिळण्याची आशा नव्हती. शोध घेता स्थानकावर एक जुने इंजिन व काही डबे सापडले. पथकातील ज्यांना इंजिनाची थोडीफार माहिती होती ते पुढे झाले. बाकीच्यांनी रांग धरून बादल्यांनी पाणी आणले व बॉयलर भरला. सारे सामान डब्यांत चढवून, पूल उडविला जाण्यापूर्वी, ही गाडी दक्षिणेकडे निघाली आणि सोलला सुखरूप पोहोचली. तोफा-बंदुकांच्या शौर्यकथा पुष्कळ आहेत. बादलीने पाणी भरण्याची ही कथा त्यांच्याहून मोलाची, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२३ मार्च १९५१ रोजी मुनसान-नी येथे अमेरिकेच्या १८७ व्या रेजिमेंटचे हजारो छत्रीधारी सैनिक शत्रूच्या पिछाडीस उतरविण्यात आले. त्यांच्याबरोबर रंगराज यांच्या नेतृत्वाखाली बारा भारतीय उतरले आणि खाली पोहोचताच जखमींच्या सेवेस लागले. सरकारने रंगराज यांना महावीर चक्र अर्पण केले. युद्धकाळातील शौर्याच्या सन्मानांत परमवीर चक्राखालोखाल त्याचा मान आहे.

आपल्या मंडळींत मुलाने वैद्यकी शिकावी ही हौस मोठी. पण त्याने लष्कराचे नाव काढले की घर दचकते. पुण्यास १९४८ पासून सैन्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे प्रवेश मिळूनही पुढील लष्करी सेवेच्या अटीमुळे माघार घेणारी कुटुंबे आपल्यात नाहीतच, असे कोणी म्हणू नये. आईबापांची भीती खोटी नाही. रंगराज यांच्याही घरी ती असणारच.

१९५३ च्या जुलैत युद्धविराम झाल्यावर हे पथक भारतीय संरक्षक दलास जोडण्यात आले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची देखभाल हे त्या दलाचे काम, आणि त्याचे सेनानी होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. ज्या चिनी सैनिकांच्या तडाख्याने पूर्वी प्योंगयांग सोडावे लागले, त्यांच्यापैकीच काहींची नाडी आता भारतीय वैद्य पाहत होते. १९५४ च्या आरंभी पथक स्वदेशी परतले.

लष्करानंतर रंगराज जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी-निर्मूलन मोहिमेत गेले व अफगाणिस्तानात त्यांनी काम केले. तेथे देवीच्या खपल्या घेऊन जुन्या रीतीने टोचणारे लोक गावोगाव फिरत व त्यांच्यामुळे साथ नव्याने पसरे. डोंगराळ मुलूख, हिवाळ्यात बंद होणाऱ्या वाटा, आणि परपुरुषाने घरातील बायकामुलांना लस टोचावी की नाही हा प्रश्न. छत्रीने उतरण्याहून हे काम सोपे नसावे. १९७२ साली त्या देशातील देवीचा संसर्ग थांबला. कोरियाच्या सरकारने जुलै २०२० मध्ये रंगराज यांना त्या महिन्याचे युद्धवीर म्हणून गौरविले. तोवर मुनसान-नीच्या उडीस एकोणसत्तर वर्षे लोटली होती.