यंत्राचा आद्य लेख

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले पिंपळी हे गाव लागते. तेथे एका रात्री माझ्या लॅपटॉपचे फर्मवेअर अद्ययावत होत असता पडदा मध्येच थिजला, आणि पहाटेपर्यंत वाट पाहूनही त्यावरील आकडा हलेना, तेव्हा यंत्राच्या या आद्य लेखाचे पूर्वचरित्र जाणून घेण्याची निकड मला वाटली.

कळ दाबताच कार्यप्रणालीच्या आधी जागा होऊन स्मृती, पडदा व कळफलक यांची हजेरी घेणाऱ्या या लेखास पुढे चिकटलेले ‘बायॉस’ हे नाव गॅरी किल्डॉल यांनी मुळात १९७५ साली आपल्या कार्यप्रणालीच्या एका भागास दिले होते. १९८१ च्या आयबीएम पीसीत तो कारखान्यातच चिपेत कायमचा कोरून येई. वतनाच्या सनदेप्रमाणे त्यात खाडाखोडीस वाव नव्हता, म्हणून ती अर्धवट राहण्याची धास्तीही नव्हती. डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली इंटेलमध्ये सिद्ध केलेल्या चिपेवरील मजकूर पुसता येई खरा, परंतु त्यासाठी तिच्या काचेच्या खिडकीवर अतिनील किरण बराच वेळ पाडावे लागत.

ही यातायात तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या फ्लॅश स्मृतीने संपुष्टात आणली, आणि आजच्या संकटाचे बीजही तेथेच पडले. कारण या स्मृतीत लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही, अख्खा खंड आधी कोरा करून मगच नवा मजकूर भरावा लागतो, आणि या दोन क्रियांच्या मध्ये वीज गेली वा यंत्र अडले, तर जुना दाखला नष्ट झालेला असतो व नवा नोंदला गेलेला नसतो. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने अनेक यंत्रांचा हा लेखच विद्रूप केला, तेव्हा कित्येकांना चिप बदलावी लागली.

यावरील तजवीज अभियंत्यांनी त्यापूर्वीच योजली होती, आणि माझ्या मते या विद्येतील सर्वांत थोर कल्पना तीच: चिपेतील ‘बूट ब्लॉक’ नावाचा एक लहानसा खंड अस्पर्श ठेवावयाचा, म्हणजे बाकीचे दफ्तर जळाले तरी तेवढा एक कारकून जागा राहून फ्लॉपीवरील नक्कल बरहुकूम उतरवून घेईल. पुढे फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली. तो खंडही गेला, तर कारागीर चिपेच्या आठ पायांना चिमटा लावून प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने मजकूर थेट भरतात.

माझ्यावर ती पाळी आली नाही. दुसऱ्या संगणकावर नेमक्या माझ्याच मॉडेलची फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर घेतली, आणि नेमून दिलेल्या कळा दाबून धरीत लॅपटॉप पुन्हा चालू केला. पडदा काळाच राहिला, पण पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकू लागला. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येणाऱ्या मुलखातला मी. चार्जर खोचलेला आहे, बॅटरी भरलेली आहे, याची खात्री करून, पंखा थांबून पुन्हा फिरू लागेपर्यंत, मी यंत्रास हात लावला नाही.