छिद्र, भिंत आणि कोल्हापूरचा कॅमेरा

गांधीबागेतल्या आमच्या जुन्या घरी माडीच्या लाकडी दाराला, फळीतली गाठ निघून, एक छिद्र पडले होते. उन्हाळ्याच्या दुपारी दार लावून घेतले की आतल्या भिंतीवर खालचा कापडबाजार उमटायचा. आकाश खाली, हातठेले वर, गाठी वाहणारे हमाल डोके खाली करून चाललेले. आम्हा पोरांना ती भुताटकी वाटे. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरून आलेला किरण छिद्रातून खाली उतरतो आणि खालचा वर चढतो, हे मला फार उशिरा कळले. छिद्र बारीक असेल तर चित्र रेखीव पण अंधूक, मोठे असेल तर उजळ पण पुसट. या पेचातून सुटायला भिंग लागते. भिंतीच्या जागी प्रकाशाने बदलणारा लेप लावलेली काच किंवा फिल्म ठेवली की त्या खोलीचा कॅमेरा झाला.

आपल्या चित्रपटाच्या इतिहासात कॅमेरा बहुधा ‘आणला’ जातो. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्यांचे ऋण कोण नाकारील? पण कॅमेरा ‘बनवला’ तो कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी, १९१८ साली, आणि त्याची बोळवण आपण ‘देशी कल्पकता’ एवढ्यावर करतो. मला हे अन्यायाचे वाटते.

बाबूराव मिस्त्री नाटकांचे पडदे रंगवत. ‘पेंटर’ हे नाव त्यातूनच चिकटले. चित्रपटाचे वेड त्यांना आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांना एकदमच लागले. १९१६ साली आनंदराव गेले. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी काम तडीला नेले. त्यांच्यापुढे होता तो प्रोजेक्टर, चित्र दाखवण्याचे यंत्र.

दाखवण्याचे यंत्र पाहून टिपण्याचे यंत्र कसे करता येईल, हा प्रश्न मला कित्येक वर्षे छळत होता. उत्तर त्या माडीवरच होते. प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा. एकात दिव्याचा प्रकाश फिल्ममधून बाहेर पडद्यावर जातो, दुसऱ्यात बाहेरचा प्रकाश आत फिल्मवर येतो. मधली अडचण दोन्हींकडे एकच. फिल्म क्षणभर स्थिर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे आणि मिटलेल्या झडपेआड फिल्म नेमकी एक चौकट पुढे सरकली पाहिजे. मूकपटाच्या काळी हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे, तेही हाताने दांडा फिरवून. झडप उघडी असताना फिल्म सरकली की चित्र फासले गेलेच. शिवाय प्रोजेक्टरला फट चालते, कॅमेऱ्याला सुईच्या टोकाएवढीही नाही. तेव्हा नुसती नक्कल करून भागणार नव्हते; कोणता भाग कशासाठी आहे हे समजल्यावाचून तो उलटा बसवता येत नाही. कच्ची फिल्म तेवढी परदेशातूनच यायची.

त्या फिल्मची आणखी एक खोड होती. तिला तांबडा रंग दिसत नसे. कुंकवासारखा लाल शालू काळा उमटे, निळे आकाश पांढरेफटक होई. रंगांना काळ्या-करड्या छटांत आधीच वाचणारा डोळा असल्याखेरीज चांगले छायाचित्र निघणे कठीण. पडदे रंगवणाऱ्याला हा डोळा इतरांपेक्षा लवकर आला असावा, असा माझा तर्क आहे. (आजच्या मोबाईलमध्ये हा हिशेब यंत्रच करते, म्हणून आपले सगळे फोटो बरे येतात आणि थोडे लक्षात राहतात.)

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात दाखवला गेला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते या चित्रपटानंतर. ‘सिंहगड’साठी, १९२३ साली, त्यांनी कृत्रिम दिवे लावून चित्रण केले. तोवर सारी भिस्त उन्हावर असे. ढग आला की काम थांबायचे. रात्रीचा गड उन्हात कसा दाखवणार? छिद्रातून येणारा प्रकाश आता किती आणि कुठून यावा, हे माणूस ठरवू लागला.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याच्या आठवणीचा मानस्तंभ उभा आहे. त्या कॅमेऱ्याने टिपलेला ‘सैरंध्री’ मात्र आज पाहायला मिळत नाही.