टोपीवरचा गरुड आणि अकरा तोफा

सुरतेहून मुंबईकडच्या गाडीत बसलात की उधना, भेस्तान आणि मग सचिन येते. आज आपल्याला तिथली जीआयडीसी तेवढी ठाऊक असते. पण वाचकहो, हे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी नवाबांचे संस्थान होते आणि ते इथे वसले पुण्याच्या राजकारणामुळे. जंजिऱ्याच्या गादीचा वारस बाळू मियां सत्ता गेल्यावर पेशव्यांच्या आश्रयाला आला. 1791 च्या करारात त्याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि सुरतेजवळची पाऊण लाख उत्पन्नाची गावे घेतली. गावे त्याला मिळाली. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही!

त्याच घराण्यातले नवाब इब्राहिम महंमद याकूत खान पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने जर्मन पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर गेले. आजचा टांझानिया, रुआंडा, बुरुंडी हा तो मुलूख. पूर्वज ज्या खंडातून आले, तिथे वंशज इंग्रजी गणवेशात उतरला.

समोरच्या फौजेत जर्मन थोडे, बाकी सारे आफ्रिकी शिपाई. त्यांना अस्करी म्हणत. अंगात खाकी, पायाला पट्ट्या, डोक्यावर खाकी कापडाने मढवलेली उंच तुर्की टोपी, मागे मान झाकणारा पडदा आणि पुढे धातूचा जर्मन गरुड. बाहीवरच्या लाल फितींवरून हुद्दा कळे. हुद्द्यांची नावे मात्र जर्मन नव्हती : ओंबाशा, शाउश, सोल, एफेंदी. कारण असे की 1889 मध्ये विसमान या अधिकाऱ्याने पहिली भरती कैरोत केली, आणि तिथे मिळालेले सुदानी शिपाई इजिप्तच्या तुर्की वळणाच्या फौजेतून आलेले होते. गरुड कैसरचा, टोपी तुर्कांची आणि पगार रुपयांत! होय, त्या वसाहतीचे चलन रुपयाच होते. 1904 पर्यंत रुपयाचे 64 पेसा होत. हे 'पेसा' म्हणजे आपले पैसेच.

बाह्य खुणांवरून आतले ओळखण्याची सवय माझ्या धंद्याचीच, म्हणून सांगतो : या फितींत सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्या कुठे संपतात. एफेंदी झालेल्या अस्करीचाही हुकूम जर्मनावर चालत नसे. इंग्रजांकडे वेगळे काय होते? आपला सुभेदार-मेजर केस पिकेपर्यंत चाकरी करी, तरी कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला त्यानेच सलाम ठोकायचा. दोन्ही फौजांत छत एकच होते, फक्त ते वेगवेगळ्या कापडाचे होते.

कापडावरून आठवले, सुरतकरांना हे आवडेल. इंग्रजी आरमाराने समुद्र अडवल्यावर जर्मनांना गणवेशाचे कापड मिळेना. तेव्हा तिथल्याच कापसाचे सूत काढून कापड विणले आणि झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून खाकी केले. पुढे तेही पुरेना, मग शत्रूकडून हाती लागलेले कपडे घातले. हमालांना तर दोन्ही बाजूंनी धड काही दिले नाही. तोफा आणि धान्य डोक्यावरून वाहणारी ही माणसे उपासाने, आमांशाने, तापाने मेली. टोपी नाही, फीत नाही, त्यामुळे त्यांची नीट मोजदादही झाली नाही.

नवाबसाहेबांना मेजरचा हुद्दा मिळाला, अर्थात मानद. सचिनच्या गादीला सलामी 9 तोफांची. त्यांना त्यावर दोन वाढवून 11 केल्या, पण त्या व्यक्तीसाठी, गादीसाठी नव्हे. 1930 मध्ये ते वारले आणि सचिनच्या तोफा पुन्हा 9 झाल्या.